ईसी मीटर घेऊन बर्फाच्या काठावर

पहिल्या दिवशी दुपारी तीनपर्यंत आम्ही ४३ ठिकाणी जमिनीची विद्युतवाहकता (ईसी, म्हणजे मातीतल्या पाण्यात किती क्षार विरघळलेत याचा अंदाज) मोजली. रात्री तंबूत बॅटरीच्या उजेडात वही उघडली आणि सगळे आकडे खोडून टाकले.

चूक अगदी साधी होती. सकाळी सातला आम्ही खालच्या खोलगट भागापासून सुरुवात केली आणि मोजत मोजत दुपारी वरच्या सोंडेवर पोचलो. आकडे वाढतच गेले. सोंडेवरची माती खोलगटातल्या मातीपेक्षा सकस आहे, असं वाटून आम्ही खूशही झालो. खरं तर आम्ही सकाळ आणि दुपार यांतला फरक मोजत होतो. तापमान एका अंशाने वाढलं की मातीतल्या पाण्याची वाहकता साधारण २ टक्क्यांनी वाढते. सकाळी माती गोठायच्या बेतात होती आणि दुपारी १३ अंशांवर, म्हणजे पाव हिस्सा फरक नुसता उन्हाचा. त्यातून सकाळी मातीतलं थोडं पाणी बर्फच होतं आणि बर्फातून आयन (वीज वाहून नेणारे विरघळलेले विद्युतभारित कण) सरकत नाहीत. मीटर तापमानाची दुरुस्ती आपोआप करतो, हे खरं. पण प्रोब (मीटरचं मातीत घालायचं टोक) मातीत खुपसून दहा सेकंदांत आकडा टिपला तर तो मातीच्या नव्हे, खिशाच्या तापमानाने दुरुस्ती करतो.

आम्ही चौघं झाडांची हद्द संपते त्याच्या वरच्या कुरणांवर गेलो होतो. बर्फाचा काठ, मोकळं गवत आणि जनावरं बसतात त्या जागा, अशा तीन प्रकारच्या जमिनींची तुलना करायची होती. मातीतल्या पाण्यात विरघळलेले कॅल्शियम, पोटॅशियम, नायट्रेट वगैरे आयन जितके जास्त, तितकी वीज सहज वाहते. एवढ्या उंचीवर मातीचा थर पातळ असतो आणि वितळलेलं बर्फ तो दरवर्षी धुऊन काढतं. शेतीत संपृक्त अर्काची (माती पाण्याने पुरती भिजवून त्यातून काढलेल्या पाण्याची) ईसी ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन खारवट धरतात. तो आकडा इथे डोक्यात ठेवू नका. आमच्या १:५ अर्कांचे (एक भाग मातीला पाच भाग पाणी) बरेचसे आकडे १०० मायक्रोसायमन प्रति सेंटीमीटरच्याही खाली होते, म्हणजे ०.१ डेसीसायमनच्या आत. शिवाय १:५ चा आकडा संपृक्त अर्काच्या शेजारी ठेवून चालत नाही, कारण पाण्याचं प्रमाणच वेगळं असतं.

दुसऱ्या दिवसापासून पद्धत बदलली. मोजणी फक्त अकरा ते एक. तिन्ही प्रकारच्या जागा आलटून पालटून घ्यायच्या, म्हणजे वेळेचा परिणाम एकाच्याच माथी बसत नाही. खोली सगळीकडे १० सेंटीमीटर. (शिखरांवरच्या वनस्पतींवर २००१ पासून लक्ष ठेवणाऱ्या ‘ग्लोरिया’ या जागतिक उपक्रमात तापमापक याच खोलीवर पुरतात, म्हणून आम्हीही तीच धरली.) आधी प्रोबपेक्षा किंचित बारीक सळईने भोक पाडायचं, मग प्रोब घालून दोन मिनिटं थांबायचं. दगडगोट्यांच्या मातीत प्रोबभोवती हवेची फट राहिली की आकडा फसवा कमी येतो. म्हणून वीतभर अंतरात तीन वाचनं घेऊन मधलं ठेवायचं. त्याच जागचा ओलावाही टिपायचा. तो नसेल तर थेट मातीतली ईसी निरर्थक आहे, कारण कोरडी माती गरीबच दिसते.

अर्कासाठी माती वाळवून २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. १० ग्रॅम मातीत ५० मिलिलीटर डिस्टिल्ड वॉटर घालून तासभर हलवा, निवळू द्या, मग मोजा. इथेही आम्ही एकदा आपटलो. आमच्यातल्या एकाने बाटल्या ओढ्याच्या पाण्यात विसळल्या. चुनखडीवरून येणारा तो ओढा आमच्या निम्म्याअधिक नमुन्यांपेक्षा जास्त वीज वाहून नेत होता! त्यामुळे माती न घातलेल्या डिस्टिल्ड वॉटरचा आकडा रोज आधी घ्या. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून तो १ मायक्रोसायमनच्या आसपास जातोच. त्याहून बराच वर गेला तर बाटलीवर संशय घ्या. कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे मीटर माहीत असलेल्या आकड्याशी जुळवून घ्यायला, बहुतेक जण १४१३ मायक्रोसायमन प्रति सेंटीमीटरचं द्रावण नेतात. इथल्या कमी आकड्यांसाठी ८४ चंही हवं. दोन्ही मोजणीआधी अंगाशी धरून कोमट करा. थंडीत अल्कलाइन सेल मान टाकतात, लिथियमचे न्या.

जनावरांच्या बसण्याच्या जागी आकडा मोकळ्या गवताच्या कित्येक पट निघाला, आणि तिथे रुंद पानांची, नायट्रोजनवर पोसणारी झुडपं माजली होती. बाजूला उशीसारख्या दाट वाढणाऱ्या वनस्पती मात्र गायब. म्हणून ‘ईसी जास्त म्हणजे जमीन निरोगी’ हे माझ्या मते इथे उलटं पडतं. या वनस्पती गरिबीलाच सरावलेल्या असतात. बर्फाच्या काठावर तर आकडा अपेक्षेपेक्षा जास्त आला. बर्फ वितळताना त्यात साठलेले बहुतेक आयन पहिल्या पाण्यातच बाहेर पडतात, तो लोंढा आम्हाला सापडला असावा. शिवाय तो आकडा नायट्रेटचा की कॅल्शियमचा, हे मीटर सांगत नाही. नायट्रेटची तपासणी आणि वनस्पतींची यादी सोबत नसेल तर एवढी चढण चढू नका.

संरक्षित क्षेत्रात माती उचलायला लेखी परवानगी लागते, ती निघण्याआधीच हातात ठेवा. माती काढताना वरचं गवत ढेकळासकट बाजूला ठेवून पुन्हा जागच्या जागी बसवा. या उंचीवरची जखम भरायला अनेक वर्षं लागतात. पुढच्या वर्षी त्याच जागी परतायचं असेल तर नुसत्या जीपीएसवर विसंबू नका. तो तीन-चार मीटर सहज चुकतो आणि तेवढ्यात तुम्ही गवतावरून जनावरांच्या बसण्याच्या जागेत पोचलेले असता. न हलणाऱ्या दोन मोठ्या खडकांपासून टेपने अंतर मोजा आणि मागचा कडा दिसेल असा फोटो काढून ठेवा.