कॅल्क्युलसचा एफ

जूनमधला शाळेचा शेवटचा दिवस. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटजवळच्या एका हायस्कुलात मी काउन्सेलर आहे, म्हणजे मुलांचे विषय आणि कॉलेजप्रवेश बघते. दुपारी तीनला कुठे डबा उघडला, तर बारावीचा एक मुलगा आणि त्याची आई दारात उभे. मुलाच्या अंगात ज्या कॅम्पसला जायचं त्याचं नाव छापलेला कोरा करकरीत हूडी.

"ताई, तुम्ही मराठी म्हणून आले," असं म्हणत बाईंनी दारही लावून घेतलं.

कॅल्क्युलसला दुसऱ्या सेमिस्टरमध्ये एफ, म्हणजे नापास. बाकी सगळे ए आणि बी. त्यांना आदल्या रात्री कळलं होतं. मार्चमध्ये युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचं, म्हणजे यूसीचं, प्रवेशाचं पत्र आलं, पेढे वाटून झाले आणि मार्कांचं पोर्टल उघडायचं घरात कुणाला सुचलंच नाही.

"इथे एटीकेटी नसते का हो? आपल्याकडे बारावीला पुरवणी परीक्षा तरी असते."

नसते. इथे मार्चमध्ये मिळतो तो सशर्त प्रवेश. सीट घेताना मुलगा ज्या अटींवर क्लिक करतो त्यात बारावीच्या विषयांत सी किंवा वर, आणि वर्षाची सरासरी ३.०, म्हणजे बी, हे स्पष्ट लिहिलेलं असतं. यूसीला गणिताची तीनच वर्षं सक्तीची, ती याची केव्हाच झाली होती. पण घेतलेला विषय घेतला. अट मोडली की प्रवेश काढून घेता येतो.

"सरांना सांगून सी करता येईल?"

कॅलिफोर्नियाच्या कायद्याने शिक्षकाने दिलेली ग्रेड अंतिम असते. कारकुनी चूक किंवा लबाडी वगैरे असेल तरच बदलते. तरी चूक निघावी या आशेने मी सरांना फोन लावला. चूक नव्हती. स्प्रिंग ब्रेकनंतर पोराने एकही गृहपाठ दिला नव्हता.

"मग ट्रान्सक्रिप्ट जरा उशिरा पाठवा." अंतिम गुणपत्रक यूसीला पोचायची मुदत १ जुलै. उशीर केला तर आणखी एक अट मोडली. बाई गप्प झाल्या. मुलगा हूडीची दोरी एकदा या बाजूने ओढत होता, एकदा त्या.

माझंही काही चुकलं होतं, ते मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही. एप्रिलमध्ये डी किंवा एफ असलेल्या मुलांची यादी येते, त्यात त्याचं नाव मी पाहिलं होतं. एका काउन्सेलरमागे २५० मुलं असावीत अशी आमच्या संघटनेची शिफारस. माझ्याकडे चारशेच्या वर. 'याची ॲडमिशन झालीय' म्हणून मी पान उलटलं.

"यूसीला कळायच्या आधी तू कळव," मी मुलाला म्हटलं. तिथेच लॅपटॉप उघडून त्याने पत्र लिहिलं. पहिल्या खर्ड्यात 'अनपेक्षित परिस्थिती' आणि 'मानसिक ताण' होता.

"ताण होता का?"

"नाही."

"मग काढ."

उरली ती चार वाक्यं. प्रवेश मिळाल्यावर मी अभ्यास सोडला. आजारी नव्हतो. एफ मिळाला आहे. उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजला कॅल्क्युलस करतो आहे. शेवटचं वाक्य खरं करायला आम्ही लगेच नाव नोंदवायला घेतलं. वर्ग भरलेला, वेटलिस्टवर तिसरा. सहा आठवड्यांत अख्खं सेमिस्टर, रोज सकाळी. आणि एवढं करून कॅम्पस ते मान्य करेलच असं नाही, हेही मी दोनदा सांगितलं. बाईंनी सोबत आणलेली फाइल उघडलीच नाही. दहावीपासूनची प्रशस्तिपत्रकं होती म्हणे.

वर्गात जागा मिळाली. जुलैत उत्तर आलं: त्या कोर्सला सी किंवा वर असेल तर प्रवेश कायम. त्याला बी मिळाला.

यंदा एप्रिलची यादी आली तेव्हा बारावीची पानं मी आधी बाजूला काढली आणि पहिल्याच नावाला फोन लावला. वडिलांनी उचलला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण मॅडम, त्याची ॲडमिशन तर झालीय!"