सगळं आपोआप होतं, मग तू काय करतेस?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि विचारणारे काही तुम्ही पहिले नाही. लिफ्टमध्ये, हळदीकुंकवाला, ऐरोलीहून ठाण्याला जाताना गाडीत कुणी ओळखीचं भेटलं की हटकून हाच प्रश्न येतो, की अगं सर्व्हरची कामं रात्री आपोआप होतात म्हणतेस, मग तुला पगार कशाचा देतात? प्रश्न चुकीचा नाहीये. उत्तर लांबतं म्हणून एरवी हसून सोडून देते एवढंच.

माझं काम सर्व्हर, म्हणजे कंपन्यांची कामं करणारे मोठे कॉम्प्युटर, सांभाळायचं. आधी ही मशीन असतात कुठे ते सांगते. ठाणे-बेलापूर रोडने जाताना रबाळे-महापेच्या बाजूला एमआयडीसीत मोठ्या, जवळजवळ बिनखिडक्यांच्या इमारती दिसतात ना, त्यातल्या बऱ्याचशा डेटा सेंटर, म्हणजे सर्व्हर ठेवायच्या जागा, आहेत. आमच्या काही क्लायंटचे सर्व्हर तिथेच, म्हणजे माझ्या घरून रिक्षाने जाता येईल इतक्या जवळ, काही सिंगापूरला, काही जर्मनीत, आणि खरं सांगायचं तर मला त्याने काही फरक पडत नाही, काळ्या स्क्रीनवर सगळे सारखेच दिसतात. आत जायला एसएसएच, म्हणजे लांबच्या मशीनवर सुरक्षितपणे शिरून कमांड द्यायचं साधन. हे १९९५ मध्ये हेलसिंकीच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीतल्या तातू इलोनेनने लिहिलं, कारण त्यांच्या नेटवर्कवर कुणीतरी लपून पासवर्ड गोळा करत होतं, आणि तेव्हा वापरात असलेल्या टेलनेटमध्ये पासवर्ड उघडाच जायचा. आता तर पासवर्डही नको, चाव्यांची जोडी असते, खासगी चावी माझ्याकडे आणि तिची सार्वजनिक जोडीदार सर्व्हरवर. ऑटोमेशन त्याच्यावरच उभं आहे, कारण पहाटे तीनला स्क्रिप्टला, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या कमांडच्या यादीला, पासवर्ड विचारला तर टाइप कोण करणार? म्हणून आम्ही बॅचमोड चालू ठेवतो, म्हणजे पासवर्ड मागायची वेळ आली तर वाट बघत लटकून राहू नकोस, सरळ फेल हो.

आता साधं काम घ्या. एका फाइलमध्ये सर्व्हरची नावं, ओळीला एक. स्क्रिप्ट एकेक नाव वाचते, त्या सर्व्हरवर जाते, डिस्क किती भरली ते विचारून पुढच्यावर जाते. दहा मिनिटांत लिहून होतं. नवीन जॉइन झालेला मुलगा लिहितो, आणि मग माझ्याकडे येतो की मॅडम, पहिल्याच सर्व्हरवर थांबतंय, एररही काही नाही. होतं असं की एसएसएच स्वतःही इनपुट वाचतं, आणि लूपसाठी, म्हणजे तेच काम एकेका नावावर पुन्हा करणाऱ्या भागासाठी, ठेवलेली उरलेली सगळी यादी तेच गिळून टाकतं, मग लूपला वाटतं यादी संपली, आणि तो अगदी समाधानाने थांबतो. एसएसएचला मायनस एन लावलं, म्हणजे इनपुट वाचू नकोस असं सांगितलं, की झालं. पण बघा, एरर आलीच नाही. यादी मोठी असती आणि कुणी आउटपुट नीट पाहिलं नसतं तर सगळ्या सर्व्हरची तपासणी झाली असंच वाटलं असतं ना. माझं काम तुम्हाला थोडं इथूनच कळायला लागेल.

मग क्रॉन. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधला जुना गडी, ठरलेल्या वेळी ठरलेली कमांड चालवतो, पाच रकाने: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. दिसायला सोपं, पण आमचे बहुतेक सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतात आणि आपण साडेपाच तास पुढे. म्हणजे क्लायंट म्हणाला सोमवारी पहाटे अडीचला करा, तर क्रॉनमध्ये लिहायचं रविवार रात्री नऊ. हे एक वेळ लक्षात राहतं. पण क्लायंट म्हणाला दर महिन्याच्या १ तारखेला पहाटे अडीचला, तर तिकडे ती आधीच्या महिन्याची शेवटची तारीख झाली, ती कधी २८ कधी ३१, आणि महिन्याचा शेवटचा दिवस असं लिहायची सोय साध्या क्रॉनमध्ये नाहीच! मग रोज रात्री चालवायचं आणि स्क्रिप्टनेच आत बघायचं की भारतात आज १ तारीख आहे का, नसेल तर गुपचूप बाहेर. शिवाय तारीख आणि वार दोन्ही रकाने भरले तर क्रॉन 'दोन्ही जुळले तर' असं समजत नाही, 'दोन्हींपैकी काहीही जुळलं तर' असं समजतं. बॅकअपच्या फाइलला तारखेचं नाव द्यायला टक्क्याचं चिन्ह लागतं आणि क्रॉनच्या ओळीत टक्का म्हणजे नवीन ओळ, त्यामुळे हाताने नीट चालणारी कमांड क्रॉनमध्ये टाकली की अर्ध्यात तुटते. हे सगळं मॅन्युअलमध्ये लिहिलंय, पण वाचतो कोण.

सर्व्हर खूप झाले की लूप पुरत नाही, मग अ‍ॅन्सिबल. हे खूप सर्व्हर एकदम सांभाळायचं सॉफ्टवेअर २०१२ मध्ये आलं, २०१५ मध्ये रेड हॅटने विकत घेतलं. यात 'हे कर, मग ते कर' असं न सांगता 'मला असं हवंय' असं लिहायचं, अमुक पॅकेज असावं, अमुक सर्व्हिस चालू असावी, आणि आधीच तसं असेल तर ते काही करत नाही. समोरच्या मशीनवर वेगळं काही बसवावं लागत नाही, एसएसएच आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा असली की बास. मला आवडतं ते त्यातलं चेक मोड, म्हणजे बदल न करता काय काय बदललं असतं ते दाखव. सगळ्या सर्व्हरवर एकदम न जाता आधी एक, मग थोडे, असं टप्प्याटप्प्याने जायची सोयही आहे. ती न वापरता सगळीकडे एकदम अपडेट मारणाऱ्यांच्या धाडसाचं मला कौतुक वाटतं, पण माझ्या टीममध्ये ते नकोत.

खरा वेळ जातो तो बॅकअपवर. डेटाबेसचा डंप, म्हणजे सगळ्या माहितीची प्रत असा, काढायचा आणि पाइपने, म्हणजे एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीत सोडून, जीझिप या फाइल लहान करणाऱ्या प्रोग्रॅमला देऊन दाबून ठेवायचा, एका ओळीची कमांड. समजा डेटाबेसचा पासवर्ड बदलला आणि डंप फेल झाला. जीझिपला काहीच मिळालं नाही, पण त्याने काहीच नसलेलं व्यवस्थित दाबून २० बाइटची फाइल बनवली आणि कळवलं, काम फत्ते. आणि शेल, म्हणजे या कमांड चालवणारा प्रोग्रॅम, पाइपमधल्या शेवटच्या कमांडचंच ऐकतं, त्यामुळे रिपोर्टमध्ये हिरवा टिक. रोज रात्री नवीन तारखेची फाइल, रोज हिरवा टिक, आत मात्र शून्य. बॅश या शेलमध्ये पाइपफेल लावलं की मधलं फेल्युअर कळतं. आम्ही फाइलची साइजही कालच्या साइजशी ताडून बघतो, आणि मधूनमधून एखादा बॅकअप वेगळ्या मशीनवर खरंच रिस्टोर करून बघतो. याला वेळ लागतो, कंटाळा येतो, मॅनेजरला बिलात दाखवता येत नाही, पण रिस्टोर करून न बघितलेल्या बॅकअपला मी तरी बॅकअप धरत नाही.

आणि अलर्टचं उलटं. लोक फेल झाल्यावर मेल येईल असं लावतात, पण सर्व्हरच बंद पडला तर मेल पाठवणार कोण? म्हणून आमच्याकडे प्रत्येक काम संपल्यावर दुसऱ्या एका मशीनला 'झालं' म्हणून कळवतं, आणि ठरल्या वेळेत 'झालं' आलं नाही की माझा फोन वाजतो. रात्री वॉचमनची शिट्टी ऐकू आली नाही की बाहेर डोकावता ना, तसं.

रात्री जागावं लागतं का, हेही विचारता. क्वचितच. पावसाळ्यात लाइट जाते, वायफाय जातं, पण मोठं काम मी नेहमी टीमक्समध्ये सुरू करते, म्हणजे माझं कनेक्शन तुटलं तरी तिकडे काम चालूच राहतं, मी मोबाइलच्या नेटवरून परत जाऊन बघते. नुसत्या एसएसएचवर चालवलं असतं तर कनेक्शनबरोबर बहुतेक तेही मेलं असतं, अर्ध्यात.

एक काम मात्र मी पूर्ण आपोआप ठेवलेलं नाही, डिलीट करण्याचं. जुने बॅकअप उडवायची स्क्रिप्ट 'या फोल्डरमधलं सगळं काढ' म्हणते, आणि फोल्डरचं नाव व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या एका कप्प्यात, असतं. ते व्हेरिएबल रिकामं राहिलं तर फोल्डर उरतच नाही, नुसता स्लॅश उरतो, म्हणजे अख्खी मशीन. सेट मायनस यू हे शेलमधलं संरक्षण लावलं तरी ते फक्त कधी दिलंच नाही असं नाव पकडतं, दिलं पण रिकामं दिलं तर खुशाल जाऊ देतं, त्याला वेगळी तपासणी लिहावी लागते. म्हणून ती स्क्रिप्ट आधी नुसती यादी छापते, आणि आमच्यापैकी कुणीतरी यादी वाचून सर्व्हरचं पूर्ण नाव हाताने टाइप केल्याशिवाय पुढे सरकत नाही. शुक्रवारी संध्याकाळी तर आम्ही ती चालवतच नाही, कारण शनिवार-रविवार डेटाबेसवाले फोन उचलत नाहीत.