नागोयाला उतरा: ओकाझाकीचा मिसो आणि हांदाचं व्हिनेगर

जपानला जाणारी आपली मंडळी टोकियो-क्योटो करतात आणि नागोया फक्त बुलेट ट्रेनच्या खिडकीतून बघतात. आंबवलेल्या पदार्थांची आवड असेल तर असं करू नका, कारण नागोयाच्या आइची प्रांतात मिसो (सोयाबीन आंबवून केलेला खारट गोळा), तामारी (सोया सॉसचा दाट प्रकार), मिरिन (स्वयंपाकातली गोड तांदळाची दारू), व्हिनेगर, साके (तांदळाची दारू) सगळं एकमेकांच्या जवळ बनतं.

आधी ओकाझाकी. नागोयाहून मेइतेत्सु रेल्वेने अर्धा-पाऊण तास. ओकाझाकी-कोएन-माए स्टेशन सगळ्यात जवळचं, पण तिथे फास्ट गाड्या थांबत नाहीत, म्हणून हिगाशी-ओकाझाकीला उतरून लोकलने एक स्टेशन मागे या किंवा सरळ किल्ल्याच्या बागेतून चालत जा, पुढे जपानचा शोगुन झालेला तोकुगावा इएयासु याच किल्ल्यात जन्मला. पुढे जुन्या तोकाइदो रस्त्याच्या दोन बाजूंना दोन मिसोवाले, मारुया 1337 चा आणि काकुक्यू 1645 चा. वेळ असेल तर दोन्ही बघा, टूरच्या वेळा आधी वेबसाइटवर बघून ठेवा.

गोदामात शिरल्यावर पहिला येतो तो वास, खमंग आणि जड. माणसाहून उंच लाकडी पिंपं, एकेकात साधारण 6 टन मिसो, आणि वर नदीतले गोटे शंकूसारखे रचलेले, जवळपास 3 टन! सिमेंट नाही, काही नाही, नुसती रचाई, आणि ती भूकंपातही ढासळत नाही म्हणतात. मी त्या दगडांकडेच बघत बसलो, मोठे गोटे कडेला, बारके फटीत, एकही डुगडुगत नव्हता. आत फक्त सोयाबीन, मीठ आणि पाणी, तांदूळ नाही. पाणी मुद्दाम कमी घालतात आणि दगडांच्या भाराने ते सगळीकडे सारखं मुरतं. असे दोन उन्हाळे, दोन हिवाळे. मिसो जुन्या चिंचेच्या गोळ्यासारखा काळा आणि घट्ट, चव तुरट-आंबट.

एक गोष्ट मनाला लागते. या दोघांच्या मिसोला हात्चो मिसो म्हणतात, पण 2017 मध्ये त्या नावाचं जीआय (भौगोलिक) मानांकन दिलं गेलं ते प्रांतातल्या मिसो उत्पादकांच्या संघटनेला, त्यात स्टीलच्या टाक्या आणि कमी मुदतही चालते, आणि हे दोघे जुने त्यात नाहीत. मला हे अन्यायाचंच वाटतं.

शाकाहारी लोकांनो, मिसो स्वतः शाकाहारी असतो पण सूपमध्ये जवळजवळ नेहमी माशाची दाशी (उकळून काढलेलं पाणी) असते, टेस्टिंगच्या सूपलाही आधी विचारा.

मग हांदा. जिंगू-माएला गाडी बदलून चिता-हांदा. मिझकान या व्हिनेगर कंपनीचं म्युझियम इथे आहे, आगाऊ बुकिंग लागतं. साके गाळून उरलेल्या चोथ्यापासून नाकानो माताझाएमोन यांनी 1804 मध्ये व्हिनेगर करायला घेतलं, ते एदोच्या (आजच्या टोकियोच्या) सुशीवाल्यांनी उचललं. कालव्याकाठच्या काळ्या लाकडी इमारती बघायला संध्याकाळचा वेळ ठेवा.

साके चाखायची असेल तर गाडी भाड्याने घेऊच नका, तिथे पिऊन चालवणाऱ्याबरोबर त्याला दारू देणाऱ्यालाही शिक्षा होते, आणि वय 20 पूर्ण लागतं. चालू साके कारखाना बघायचा असेल तर हिवाळ्यात जा आणि त्या सकाळी नात्तो (आंबवलेलं चिकट सोयाबीन) खाऊ नका, त्यातले जिवाणू कोजी (साकेसाठी तांदळावर वाढवलेली बुरशी) बिघडवतात म्हणून बरेच जण तसं आधीच सांगतात.

मिसो घेतलात तर चेक-इन बॅगेतच टाका, केबिनमध्ये तो द्रव पदार्थ धरतात.