३९९ डॉलरात घर विकायला निघालो होतो

मागच्या महिन्यात गावी होतो. दर्यापूरच्या पुढं, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं आमचं गाव. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, पण काळी माती अशी की वावरात हरभरा बिनपाण्याचा येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीत चहा घेत होतो, तेवढ्यात पुतण्या मोबाईल घेऊन शेजारी बसला. आजोबांचं गावठाणातलं जुनं घर विकायचं घाटत होतं. मागची भिंत खचलीय, राहतं कोणी नाही, नुसतं बाभळीचं रान माजलंय. पठ्ठ्यानं एका अ‍ॅपवर साडेतीन हजारांचं पॅकेज घेऊन जाहिरात टाकूनही दिली होती.

"दलाल नाही, दलाली नाही, काका. फोटो आपणच टाकाचे, फोनवर आपणच बोलाचं. तुमच्या अमेरिकेत तं असंच चालत असन ना?"

मी काही बोलायच्या आत खाटेवरून मोठे बाबा म्हणाले, "सांग ना याले. तुह्यावालं घर कसं इकलं थे."

म्हणजे बायकोनं फोनवर इकडं सगळं सांगून ठेवलेलं होतं. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा जसं घडलं तसं लिहितो.

आम्ही टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेला प्लेनो गावात राहत होतो. २०२३ च्या वसंतात पोराच्या शाळेजवळ दुसरं घर घेतलं आणि जुनं विकायला काढलं. दोन घरं, दोन हप्ते. अमेरिकेत घर विकायचं म्हणजे बहुतेक लोक एजंट धरतात. तेव्हाची रीत अशी की किमतीच्या पाच-सहा टक्के कमिशन विकणाऱ्यानं द्यायचं आणि त्यातलं साधारण अर्धं खरेदीदाराच्या एजंटला जायचं. आमच्या घराची अपेक्षा ४,६०,००० डॉलरची. सहा टक्के म्हणजे २७,६०० डॉलर. रुपयांत गुणाकार करायची आमची सवय काही केल्या जात नाही. केला, आणि पोटात गोळा आला. एवढ्यात आमच्याकडं दोन-चार एकर वावर आलं असतं की!

ऑफिसातला एक जण म्हणाला, माझं तर २०२१ मध्ये एका शनिवार-रविवारात गेलं, एजंट न धरता. त्याची युक्ती अशी. तिकडं एजंट लोकांची एक सामाईक नोंदवही असते, मल्टिपल लिस्टिंग सर्व्हिस, सगळे एमएलएस म्हणतात. घर त्यात चढलं की सगळ्या एजंटांना दिसतं आणि तिथूनच झिलोसारख्या साइटवर जातं. त्यात नोंद फक्त सभासद ब्रोकरच करू शकतो. मग काही ब्रोकरांनी धंदाच काढलाय : ठरावीक रक्कम द्या, आम्ही तुमचं घर त्या वहीत चढवतो, बाकीचं तुमचं तुम्ही बघा. फोटो, किंमत, घर दाखवणं, घासाघीस, कागद, सगळं. मला मिळालेला भाव ३९९ डॉलर.

मित्राचं म्हणणं खोटं नव्हतं. फक्त २०२१ मध्ये गृहकर्ज तीन टक्क्यांच्या आसपास होतं आणि घराला रांगा लागत होत्या. तेव्हा अंगणात नुसती पाटी रोवली असती तरी घर गेलं असतं. २०२३ मध्ये व्याज सात टक्क्यांच्या घरात होतं. पाऊस चांगला झाला त्या वर्षी कोणाचंही सोयाबीन पिकतं, हे मला गावाकडच्या माणसाला कळायला हवं होतं.

पहिली गोची किमतीची. टेक्सासमध्ये घर कितीला विकलं गेलं हा आकडा सरकारदप्तरी उघड होत नाही. तो एजंटांना एमएलएसमध्ये दिसतो, तुम्हा-आम्हाला नाही. आपल्याकडं इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, काढला तर निदान कागदावरचा आकडा तरी दिसतो, त्याच्या खालचा वेगळा, हे आपण धरूनच चालतो. तिथं मी साइटवरचा अंदाज पाहिला, त्यात स्वयंपाकघराच्या नव्या ओट्याचे दहा हजार मनानंच चढवले आणि ४,६०,००० लिहून मोकळा झालो.

दुसरी गोची माझ्याच हातची. फॉर्मात एक रकाना होता : खरेदीदाराच्या एजंटला किती देणार? शेजारी अडीच-तीन टक्के देत होते. मी लिहिलं एक. म्हटलं, गिऱ्हाईक त्यांचं, मी कशाला पोसू? हा रकाना सगळ्या एजंटांना दिसत होता. गिऱ्हाइकाला दाखवायला दहा घरं आहेत, नऊ ठिकाणी अडीच-तीन टक्के आणि एका ठिकाणी एक. त्या एका घरी गाडी कोण वळवेल? मे गेला, अर्धा जून गेला, घर बघायला सहा माणसं आली, त्यातली दोन आमच्याच गल्लीतली, नुसते बघे.

फोन मात्र खूप यायचे. पहिल्या आठवड्यातच चाळीस तरी आले असतील. निम्मे एजंटांचे, "तुमचं घर आमच्याकडं द्या" म्हणणारे. निम्मे रोखीनं घर घेणाऱ्यांचे, न बघताच तीन लाखांची बोली लावणारे. स्नानगृहांची संख्या नोंदीत चुकली होती, तीनाऐवजी दोन. ती दुरुस्त करायला चार दिवस लागले, तोवर पहिला शनिवार-रविवार हातचा गेला. पहिले तीन बदल फुकट, पुढं प्रत्येकाला पैसे, हे तेव्हा कळलं.

आता जी चूक सांगतो ती ऐकून पुतण्या इतका हसला की मोठे बाबा ओरडले. घर बघायला माणसं आली की तिकडं घरमालकानं निघून जायचं असतं. एजंट तुम्हाला बाहेर काढतोच. माझ्याकडं काढायला कोण होतं? मी वऱ्हाडातला माणूस, दारात पाहुणा उभा आणि मी फिरायला जाऊ? मी चहा केला, आलं टाकून. एक जोडपं आपल्या एजंटबाईसह आलं होतं, छान बोलके. "का विकताय?" म्हणाले. मी सगळं सांगितलं : नवं घर घेतलंय, दोन हप्ते चाललेत, शाळा ऑगस्टमध्ये सुरू होईल तोवर मोकळं व्हायचंय. बाईनं वहीत काहीतरी लिहिलं. दोन दिवसांनी बोली आली, मागितल्यापेक्षा तीस हजारांनी कमी. मी रागावून नाही म्हटलं.

लहान असताना बाबा मला बैलबाजारात न्यायचे. दलाल दुपट्ट्याखाली हात घालायचा, समोरच्याची बोटं दाबून भाव सांगायचा. मग तसाच बाबांकडं यायचा. विकणारा आणि घेणारा एकमेकांशी भावाचं बोलतच नसत. आजूबाजूला शंभर माणसं उभी, पण आकडा कोणाला ऐकू जायचा नाही. मला ते सगळं अडाणीपणाचं वाटायचं. प्लेनोत झिलोवर माझ्या घराच्या खाली माझी कुंडली दिसत होती : अमुक तारखेला ४,६०,०००. अमुक तारखेला ४,५२,०००. बाजारात ६३ दिवस. जो उघडून बघेल त्याला कळत होतं की या माणसाचा दम सुटत चाललाय.

जुलैत हार मानून तो रकाना अडीच टक्के केला. (बदलाचे पैसे पडले.) पंधरा दिवसांत गाड्या यायला लागल्या, ऑगस्टमध्ये ४,४८,००० ची बोली आली, मी घेतली, बायकोनं साखर वाटली. टेक्सासमध्ये खरेदीदार थोडे पैसे भरून काही दिवसांची मुदत विकत घेतो. त्या मुदतीत तो घर तपासून कोणतंही कारण न देता परत फिरू शकतो. तपासणीवाला आला. त्यानं पातळी मोजायचं यंत्र लावलं आणि सांगितलं, मागचा कोपरा सव्वा इंच खाली गेलाय.

ही गोष्ट मला नवीन वाटायला नको होती. डॅलसच्या आजूबाजूची माती आपल्यासारखीच काळी, चिकण. पाणी पिऊन फुगते, उन्हानं आक्रसते, भेगा पडतात. तिथं लोक उन्हाळ्यात घराच्या पायाला पाणी देतात! झिरपणारी नळी पायाच्या कडेनं टाकून ठेवतात, आपण संत्र्याला ठिबक टाकतो तशी. त्या वर्षीचा उन्हाळा कडक होता आणि मी बिलाच्या धाकानं नळी बंद ठेवली होती. खरेदीदाराच्या एजंटनं पाया दुरुस्तीचा ११,००० चा अंदाज आणला आणि १८,००० कमी मागितले. मुदत संपायला दोन दिवस. मी काय करावं? त्या ३९९ डॉलरवाल्या ब्रोकरकडं फोन केला तर मुलगी गोड बोलली की आमच्या पॅकेजमध्ये सल्ला येत नाही. मी अडून बसलो. खरेदीदार गेला.

नंतर मी स्वतःचा इंजिनिअर बोलावला, ५०० डॉलर. तो म्हणाला, कोपरा मोसमाप्रमाणं खालीवर होतोय, नळी चालू करा, पुढच्या वर्षी परत मोजा. हेच आठ दिवस आधी करायचं असतं, हे कोणी सांगितलं असतं तर! आता ती पहिली तपासणी माझ्या माहितीत आली होती, आणि माहीत असलेला दोष पुढच्या खरेदीदाराला लेखी कळवावाच लागतो. वर नोंदीत 'पुन्हा बाजारात' अशी ओळ चढली. मोडलेलं लग्न जसं गावात कानोकान फिरतं, तसं.

ऑक्टोबरमध्ये व्याज आठाच्या जवळ गेलं आणि घर ४,३१,००० ला गेलं. खरेदीदाराच्या एजंटला अडीच टक्के, १०,७७५. आणि व्यवहार पुरा होण्याच्या दिवशी टायटल कंपनीच्या, म्हणजे तिकडं मालकीचे कागद तपासून व्यवहार पुरा करून देणाऱ्या कंपनीच्या, हिशेबाच्या कागदावर आणखी एक ओळ : ३९९ डॉलरवाल्या ब्रोकरचा अर्धा टक्का, २,१५५ डॉलर. करारात बारीक अक्षरात होतं. मी वाचलं नव्हतं. पाच महिने दोन हप्ते भरले, त्यातला जुन्या घराचा कर धरून महिन्याला २,४०० च्या आसपास, म्हणजे १२,०००. पूर्ण काम करणाऱ्या एजंटनं तीन टक्के घेतले असते तर ४,३१,००० वर १२,९३० झाले असते. बाकीचा हिशेब मी कोणाला दाखवत नाही. समोरच्या तेलुगू शेजाऱ्याचं अगदी असंच घर एजंटमार्फत नऊ दिवसांत गेलं होतं. कितीला, ते त्यानं हसून सांगितलं नाही, आणि टेक्सासात दुसरीकडून कळायची सोय नाही.

गंमत म्हणजे माझं घर गेलं त्याच महिन्याच्या ३१ तारखेला मिझुरीतल्या कॅन्सस सिटीत ज्युरीनं याच कमिशनच्या रीतीविरुद्ध निकाल दिला, सुमारे १.८ अब्ज डॉलरचा. पुढं एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेनं ४१.८ कोटी डॉलरची तडजोड केली आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून तो रकाना एमएलएसमधून गेला. आता खरेदीदारानं घर बघण्याआधी आपल्या एजंटशी लेखी करार करायचा असतो. म्हणून काही फुकट झालं असं नाही, खरेदीदार बोलीतच लिहितात की माझ्या एजंटचे तुम्ही द्या. पण निदान माझ्यासारख्याचा एक टक्का सगळ्या गावाला दिसत नाही.

"मंग दलाल बरा?" पुतण्या म्हणाला.

सगळेच बरे नसतात. दोन्हीकडून एक-दोन टक्के घेऊन काम काही न करणारे मी अमरावतीत पाहिलेत. पण त्याच्या अ‍ॅपवर मी नजर टाकली तर कपाळाला हात. दहा दिवसांत रायपूर, पुणे, कुठून कुठून फोन, एक तर म्हणे फौजेत साहेब आहे, इसार पाठवतो, क्यूआर कोड स्कॅन करा. अरे, पैसे घ्यायला कोण स्कॅन करतं? बरं, गावठाणातलं पडकं घर घेणार कोण? ज्याची भिंत लागून आहे तो. त्याच्या पोराला गोठा वाढवायचा आहे हे अख्ख्या गावाला माहीत. आणि पुतण्यानं अ‍ॅपवर नऊ लाख लिहून दहा दिवसांत सात केले होते. शेजाऱ्याकडं मोबाईल नाही असं त्याला वाटलं की काय!

दुपारी मोठ्या बाबांनी गावातल्या दलालाला बोलावलं. सत्तरीचा माणूस, पूर्वी बैल विकायचा, आता वावरं आणि घरं. चहा घेतला आणि पहिला प्रश्न किमतीचा केलाच नाही. विचारलं, ग्रामपंचायतीचा नमुना आठ कोणाच्या नावानं? आम्ही एकमेकांकडं पाहिलं. अजून आजोबांच्याच. "वारस किती?" मोठे बाबा, माझे बाबा गेले म्हणून मी आणि बहीण, आणि दोघी आत्या. "अकोटवाल्या आत्याबाईची सही लागन. त्यायचं तुमच्याशी बोलनं हाय का?" बोलणं नव्हतं, तीन वर्षांपासून. हे अ‍ॅपनं विचारलंच नव्हतं. मग म्हणाला, आधी ती जाहिरात काढा, आकडा उघडा पडला तुमचा, आता महिनाभर गप्प राहा लागन.

जाताना माझ्याकडं वळला. "साहेब, तुम्ही अमेरिकेतून आले म्हंजे जायाची तारीख ठरली असन. थे कोनाले सांगू नका."

संध्याकाळी शेजारी स्वतःच आला, सहज म्हणून. खाटेवर बसला, कपाशीला भाव नाही म्हणाला, पोराच्या म्हशींचं बोलला. मग म्हणाला, "कवा निंगता मंग परत?"

"पाहू, अजून काही ठरलं नाही," मी म्हटलं, आणि कप उचलून आत गेलो. विमान गुरुवारी होतं.