वाचनालयाच्या संगणकासाठी रॅम आणि स्वॅप ठरवताना

खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात जुन्या स्मरणिका, वार्षिक अहवाल आणि छापील ग्रंथसूची स्कॅन करून त्यांतील मजकूर शोधता येईल अशा स्वरूपात आणण्याचे काम चालू आहे. सीमाभागातल्या संस्थांचे जुने कागद जसे असतात तसेच हेही आहेत. एकाच पानावर वर कन्नड आणि खाली मराठी, मध्येच एखादा इंग्रजी शिक्का. त्यामुळे अक्षरओळख करणाऱ्या टेसरॅक्ट या प्रणालीला मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांच्या फायली एकदम द्याव्या लागतात. हे सगळे काम लिनक्स असलेल्या एका जुन्या डेस्कटॉपवर होते. त्यात डीडीआर३ प्रकारच्या रॅमची ४ जीबीची एकच स्टिक होती, ५०० जीबीची हार्ड डिस्क होती आणि स्वॅपसाठी, म्हणजे रॅम अपुरी पडली की तिच्यातली माहिती डिस्कवर तात्पुरती ठेवण्यासाठी, २ जीबी जागा होती. मोठा दस्तऐवज चालवायला घेतला की माऊस अडकायचा, हार्ड डिस्कचा दिवा विझायचाच नाही, आणि शेवटी अक्षरओळखीचा प्रोग्रॅम काही न सांगता बंद पडायचा.

तो का बंद पडतो याचे उत्तर लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या नोंदीत स्पष्ट मिळाले. डीमेसेज ही कमांड चालवल्यावर मेमरी संपल्याची आणि अमुक प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) मारल्याची ओळ दिसली. रॅम आणि स्वॅप दोन्ही भरले आणि आणखी मेमरी मोकळी करणे शक्य नसले, की कर्नल स्वतःच सर्वांत जास्त मेमरी धरून बसलेली प्रोसेस निवडतो आणि ती थांबवतो. म्हणजे आमच्या कामाला ४ अधिक २, अशा एकूण ६ जीबीपेक्षा जास्त जागा लागत होती, एवढे नक्की झाले. किती जास्त, हे मात्र यावरून कळत नव्हते.

या टप्प्यावर जवळच्या जाणकारांनी दिलेला सल्ला एकच होता : स्वॅप रॅमच्या दुप्पट ठेवा. हा नियम इतक्या ठिकाणी ऐकू येतो की तो कुठून आला हे पाहणे मला आवश्यक वाटले. २००१ साली आलेल्या २.४ मालिकेतील सुरुवातीच्या कर्नलमध्ये, स्वॅपमधून रॅममध्ये परत आणलेल्या पानाची (मेमरीच्या छोट्या तुकड्याला पान म्हणतात) स्वॅपमधली जागाही अडकूनच राहत असे. साहजिकच रॅमएवढा स्वॅप ठेवला तरी हाती फारसे काही लागत नसे, आणि म्हणून दुप्पट ठेवण्याची शिफारस त्या काळी योग्यच होती. कर्नलची ती पद्धत नंतर बदलली. शिवाय त्या काळी रॅम मेगाबाइटमध्ये मोजली जात होती. आज ३२ जीबी रॅम असलेल्या यंत्रात ६४ जीबी स्वॅप ठेवला आणि तो खरोखर हार्ड डिस्कवर भरू लागला, तर तो भरण्याच्या कितीतरी आधी यंत्र वापरण्याच्या पलीकडे गेलेले असेल. लिनक्स पुरवणाऱ्या रेड हॅट कंपनीच्या शिफारशीसुद्धा सरसकट दुप्पट सांगत नाहीत. २ जीबीपर्यंत रॅम असेल तर दुप्पट, २ ते ८ जीबी असेल तर रॅमएवढाच, आणि ८ ते ६४ जीबी असेल तर किमान ४ जीबी, असे त्यांचे टप्पे आहेत. यंत्र हायबरनेट करायचे, म्हणजे चालू काम डिस्कवर जपून यंत्र पूर्ण बंद करायचे असेल तर मात्र हे आकडे वाढतात, आणि आमच्या बाबतीत तोच भाग महत्त्वाचा ठरला.

खरी गरज मोजण्यासाठी मी एक साधा मार्ग घेतला. हार्ड डिस्कवर ८ जीबीची तात्पुरती स्वॅप फाइल केली. तिची परवानगी ६०० ठेवली, म्हणजे रूटखेरीज (यंत्राच्या मुख्य प्रशासकाखेरीज) कोणाला ती वाचता येऊ नये. स्वॅपमध्ये कोणाच्याही प्रोग्रॅममधली कोणतीही माहिती येऊन पडू शकते, म्हणून ही काळजी घेतलीच पाहिजे. मग मेकस्वॅप आणि स्वॅपऑन या कमांडनी ती फाइल चालू केली. हेतू वेग वाढवण्याचा नव्हता. कितीही हळू का होईना, पण काम मध्ये न मरता शेवटपर्यंत जावे आणि सर्वोच्च गरज किती आहे ते दिसावे, एवढ्यासाठीच ती केली होती.

मोजताना फ्री या कमांडमधील मोकळ्या मेमरीच्या रकान्याकडे मी लक्ष दिले नाही. लिनक्स रिकामी रॅम रिकामी ठेवत नाही. वाचलेल्या फायलींच्या प्रती तो तिथे ठेवतो आणि गरज पडताच त्या टाकून देतो. त्यामुळे मोकळी मेमरी नेहमीच थोडी दिसते आणि नवखा माणूस घाबरतो. पाहायचा असतो तो उपलब्ध मेमरीचा रकाना. कर्नलमध्ये हा अंदाज २०१४ पासून आहे आणि नव्या प्रोग्रॅमला खरोखर किती मेमरी देता येईल हे तो सांगतो. एकूण रॅममधून उपलब्ध मेमरी वजा केली आणि त्यात वापरलेला स्वॅप मिळवला, की खऱ्या गरजेच्या जवळचा आकडा मिळतो. आमच्या सर्वांत जड दस्तऐवजाला, शेजारी ब्राउझर आणि लिबरऑफिसमधली ग्रंथसूची उघडी असताना, हा आकडा ७ जीबीच्या थोडा वर गेला.

दुसरे मोजमाप व्हीएमस्टॅट या कमांडचे. पाच-पाच सेकंदांनी ओळ छापायला सांगून त्यातील एसआय आणि एसओ हे दोन रकाने पाहायचे. पहिली ओळ मात्र सोडून द्यायची, कारण ती संगणक सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. एसओ म्हणजे स्वॅपमध्ये गेलेली पाने आणि एसआय म्हणजे तिथून परत आलेली. स्वॅपमध्ये १ जीबी भरलेला दिसतो म्हणून काही बिघडत नाही. सकाळी उघडून विसरलेल्या खिडकीची पाने तिथे जाऊन पडली असतील, तर ती तिथेच असणे चांगले, कारण तेवढी रॅम कामाच्या फायलींना मिळते. पण हे दोन्ही रकाने एकाच वेळी आणि सतत मोठे आकडे दाखवू लागले, तर त्याचा अर्थ आता लागणारीच पाने बाहेर जात आहेत आणि लगेच परत आणावी लागत आहेत. फिरत्या हार्ड डिस्कवर प्रत्येक वेगळ्या ठिकाणची जागा गाठायला १० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो, आणि स्वॅपमधली पाने असतात ४ केबीची. अशा वेळी स्वॅप वाढवून काहीही साधत नाही. आमचे रकाने नेमके असेच वागत होते. म्हणून उत्तर रॅम हेच होते, आणि स्वॅपचा आकार हा वेगळा प्रश्न होता.

रॅम विकत घेण्याआधी मागणी कमी करता येते का हे पाहणे मला कर्तव्यच वाटले, कारण पैसे सभासदांच्या वर्गणीचे आहेत. ए४ आकाराचे रंगीत पान ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केले की ते ४९६० गुणिले ७०१६ पिक्सेलचे होते, आणि प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट धरले तर मेमरीत उघडल्यावर एकटे पान १०० एमबीहून मोठे होते. पान सरळ करणे, डाग काढणे, करड्या छटेत आणणे अशा प्रत्येक पायरीला त्याची आणखी एक प्रत लागू शकते. ३०० डीपीआयला हेच पान चौथाईवर, म्हणजे २६ एमबीवर येते, आणि टेसरॅक्टला साधारण छपाईसाठी तेवढे पुरते. बारीक टाइपातील जोडाक्षरांची पाने तेवढी आम्ही ६०० वर ठेवली. दुसरी गोष्ट अशी, की आम्ही वापरत असलेला ओसीआरमायपीडीएफ हा प्रोग्रॅम प्रोसेसरला जितके कोअर तितकी पाने एकाच वेळी हाताळायला घेतो. आमच्याकडे चार कोअर आहेत. एका वेळी किती पाने घ्यायची हे ठरवणारा जॉब्सचा पर्याय २ वर आणल्यावर सर्वोच्च गरज साडेचार जीबीच्या आसपास उतरली. वेळ मात्र बराच वाढला. ज्यांना रॅम वाढवणे शक्यच नाही त्यांनी हे दोन बदल आधी करावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

तरीही ४ जीबी अपुरीच होती. त्यातही अंगभूत ग्राफिक्स आणि कर्नल आपला वाटा आधीच काढून घेतात, त्यामुळे प्रत्यक्षात ३.७ जीबीच हाती येत होती. डीएमआयडीकोड या कमांडने मदरबोर्डवर दोन स्लॉट आहेत, एक रिकामा आहे आणि बोर्ड १६ जीबीपर्यंत घेतो हे यंत्र न उघडता कळले. डीडीआर३ आणि डीडीआर४ एकमेकांच्या स्लॉटमध्ये बसत नाहीत. डेस्कटॉपच्या डीडीआर३ स्टिकला २४० पिना असतात आणि डीडीआर४ ला २८८. त्यामुळे दुकानात जाण्यापूर्वी जुन्या स्टिकवरचा प्रकार आणि वेग लिहून नेणे बरे.

बेळगावातील दुकानदाराने माझी चिठ्ठी वाचली आणि म्हणाला, "सर, चारची कशाला घालताय? आठचीच घाला की, परत बघायलाच नको." चारची घेतली असती तर दोन्ही स्टिक सारख्या झाल्या असत्या आणि मेमरी पूर्णपणे दुहेरी चॅनेलमध्ये, म्हणजे दोन्ही स्टिकशी एकाच वेळी देवाणघेवाण करत, चालली असती. पण एकूण ८ जीबी झाली असती आणि आमची मोजलेली गरज ७ च्या वर होती. फायलींच्या प्रती ठेवायला जागाच उरली नसती. ८ ची स्टिक घेतल्यावर एकूण १२ जीबी होते. त्यांतील ४ अधिक ४ दुहेरी चॅनेलमध्ये चालते आणि उरलेली ४ एकेरीत. वेगातील तो फरक आमच्या कामात जाणवण्याजोगा नव्हता. आमचे कार्यवाह काका मात्र विचारत होते, "त्यापेक्षा एसएसडी घेतली तर?" एसएसडीने यंत्र रोजच्या वापरात निश्चितच चपळ झाले असते, पण रॅमची तूट तिने भरून निघाली नसती, सतत होणारी देवाणघेवाण तिने केवळ लपवली असती आणि तिचे लेखन-आयुष्य त्यात खर्ची पडले असते. एसएसडी पुढच्या अंदाजपत्रकात धरावी आणि आता रॅम घ्यावी, हे काकांना पटले. नवी स्टिक बसवल्यावर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवून ती निर्दोष असल्याची खात्री करून घेतली.

आता स्वॅपचा आकार. १२ जीबी रॅम झाल्यावर नेहमीच्या कामासाठी ४ जीबी स्वॅप पुरेसा होता. पण पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूने पाऊस धरला की आमच्याकडे वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा भरवसा नसतो. यूपीएस काही मिनिटे तग धरतो. तेवढ्या वेळात अर्धवट दुरुस्त केलेली पाने, उघडी ग्रंथसूची आणि चालू अक्षरओळख जशीच्या तशी जपायची, तर हायबरनेट हाच खरा उपाय आहे. त्यात रॅममधील सर्व स्थिती स्वॅपमध्ये लिहून यंत्र पूर्ण बंद होते, आणि वीज आल्यावर तिथूनच पुढे सुरू होते.

या लिहिलेल्या स्थितीला प्रतिमा म्हणतात. कर्नल ती शक्यतो रॅमच्या दोन पंचमांशांत बसवण्याचा प्रयत्न करतो; १२ जीबीला ते ४.८ जीबी होते. आमची हार्ड डिस्क सलग लेखनात सेकंदाला सुमारे १०० एमबी लिहिते, म्हणजे प्रतिमा दाबून लहान न करताही मिनिटभरात काम होते आणि यूपीएसला ते झेपते. मात्र रॅम कामाने भरलेली असेल तर प्रतिमा त्याहून मोठी होऊ शकते, आणि त्या क्षणी स्वॅपमध्ये आधीच असलेल्या पानांची जागाही तिला मिळत नाही. म्हणून रॅमएवढे १२ आणि नेहमीच्या वापराचे ४, असा १६ जीबीचा हिशेब मी केला. ५०० जीबीच्या डिस्कवर ही जागा मोठी नाही.

डेबियन १२ ही लिनक्सची आवृत्ती नव्याने घालताना डिस्कची विभागणी हाताने केली, कारण स्वयंचलित विभागणीत इन्स्टॉलर स्वॅपला जेमतेम १ जीबी देत होता. स्वॅप फाइलनेही हायबरनेट करता येते, पण त्यासाठी फाइल डिस्कवर नेमकी कुठे सुरू होते तो आकडा बूटच्या वेळी कर्नलला द्यावा लागतो. फाइल पुन्हा केली की तोही बदलतो. माझ्यानंतर हे यंत्र दुसरे कोणी सांभाळणार आहे, हे लक्षात घेऊन मी स्वतंत्र विभागच पसंत केला. हायबरनेटची गरज नसेल तर स्वॅप फाइल अधिक सोयीची, कारण ती केव्हाही लहान-मोठी करता येते.

स्वॅपिनेस ६० हे मूळ मूल्य मी बदलले नाही. ते १० करा, शून्य करा, असे सल्ले पुष्कळ मिळतात. पण हा आकडा म्हणजे रॅम किती टक्के भरल्यावर स्वॅप सुरू व्हावा याची खूण नव्हे. प्रोग्रॅमची पाने बाहेर टाकणे आणि फायलींच्या प्रती टाकून देणे यांतील तुलनात्मक खर्च कर्नलला सांगण्याचे ते साधन आहे. त्याऐवजी मी झेडस्वॅप चालू केला. स्वॅपकडे निघालेली पाने आधी रॅममध्येच दाबून ठेवायची आणि तिथली मर्यादा भरली तरच डिस्कवर पाठवायची, असे त्याचे काम आहे. ही मर्यादा मुळात रॅमच्या २० टक्के असते. खरा स्वॅप विभाग त्याच्या मागे असावाच लागतो, त्यामुळे हायबरनेटला बाधा येत नाही.

झेडरॅमचा, म्हणजे रॅमचाच एक भाग दाबलेल्या स्वॅपसारखा वापरण्याचा, विचार मी वाचनकक्षातील लॅपटॉपसाठी केला. त्याची ४ जीबी रॅम बोर्डावरच जडवलेली आहे आणि वाढवता येत नाही. फेडोरा या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराने २०२० सालच्या ३३ व्या आवृत्तीपासून स्वॅपची हीच पद्धत मूळ म्हणून स्वीकारली आहे. दाबलेली पाने रॅममध्येच राहतात, म्हणून त्यावर हायबरनेट करता येत नाही; पण लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे आणि त्यावर फक्त ग्रंथसूची शोधली जाते. रॅमच्या निम्म्या आकाराचा झेडरॅम आणि त्याच्या मागे, कमी प्राधान्याने, २ जीबीची स्वॅप फाइल अशी मांडणी तिथे ठेवली आहे. ब्राउझरमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही सूची एकदम उघड्या असतानाही ती फाइल अजून बहुतेक रिकामीच दिसते.