मुलांची कादंबरी आणि मोठे परीक्षक

‘पुरस्कारासाठी मुलांची कादंबरी निवडता कशी? मुलांना आवडेल ती, की त्यांनी वाचावी असं तुम्हाला वाटतं ती?’ परीक्षकांना हमखास येणारा हा प्रश्न. तुम्हीही विचारलात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

खरं तर या दोन्हींतली एकही नाही. दहा ते चौदा वर्षांच्या वाचकासाठी लिहिलेली कादंबरी, कादंबरी म्हणून जमलीये का, एवढंच बघायचं असतं. अमेरिकेत बालसाहित्यासाठी १९२२पासून दिल्या जाणाऱ्या न्यूबेरी पदकाच्या नियमांत तर स्पष्टच म्हटलंय की हे पदक बोधासाठी नाही आणि लोकप्रियतेसाठीही नाही. आपल्याकडे यातलं ‘बोधासाठी नाही’ हे जास्त जपावं लागतं. पर्यावरण, मोबाइलचं वेड, शेतकऱ्याचं घर असा मोठा विषय दिसला की परीक्षकाचा हात आपोआप सैल होतो आणि तो विषयालाच गुण देऊन बसतो. विषय कोणालाही निवडता येतो. गुण द्यायचे ते त्याचं पुढे काय केलं याला.

हे कळायला संवाद वाचावेत. समजा, शाळेजवळचं झाड तोडलंय आणि अकरा वर्षांचा मुलगा घरी येऊन म्हणतो, ‘आई, आपण वृक्षांचं रक्षण केलं नाही तर पुढच्या पिढ्या आपल्याला माफ करणार नाहीत.’ इथे बोलतोय लेखक, मुलाचं नुसतं तोंड वापरलंय. तोच मुलगा जर म्हणाला, ‘आई, त्यांनी लिंब तोडला. आता सायकल कुठं लावू?’, तर झाड गेल्याचं दुःख वाचणाऱ्या पोराच्या अंगावर येतं आणि लेखकाला वेगळं काही सांगावं लागत नाही. अशी एक जागा सापडली की पानाचा नंबर लिहून ठेवायचा, पुढे बैठकीत तोच कामाला येतो.

दुसरी कसोटी शेवटच्या पंचवीस पानांत लागते. पेच कोण सोडवतं? आपल्याकडे किशोर कादंबरी बहुधा शंभरेक पानांची. पंचाहत्तर पानं मुलं धडपडतात आणि मग ऐन वेळी इन्स्पेक्टर काका, प्रेमळ सर नाहीतर परगावाहून आलेला मामा सगळं मार्गी लावतो. मुलं टाळ्या वाजवायला उरतात. हा दोष मी सगळ्यांत जड मानतो, कारण त्यामुळे आधीची पंचाहत्तर पानं वाया जातात. मुलांनी मोठ्यांची मदत घ्यायला हरकत नाही, पण निर्णय त्यांचा हवा आणि त्याची किंमतही त्यांनीच मोजायला हवी.

तपशील तर तपासायचेच. मालवणच्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रातून उगवत नाही, तो पश्चिम किनारा आहे. भंडारदऱ्याचे काजवे पावसाळ्याच्या तोंडावर, मेअखेर-जूनमध्ये दिसतात, दिवाळीच्या सुट्टीत नाही. बोलीचंही तेच. अकोल्याकडचा पोरगा एका पानावर ‘काहून’ म्हणतो आणि चार पानांनी ‘काय करालाईस’ असं कोल्हापुरी बोलतो, तेव्हा लेखकाने त्या पोराला कधी ऐकलेलंच नसतं. बारा वर्षांच्या वाचकाला हे समजत नाही, असं धरून चालणारे लोक मुलांसाठी लिहूच नयेत.

प्रत्येक पुस्तक दोनदा वाचावं. पहिल्यांदा पेन्सिल बाजूला ठेवून, शक्यतो एका बैठकीत. दुसऱ्यांदा टिपणं काढत, आणि तेही क्रम बदलून, कारण शेवटी वाचलेलं पुस्तक नेहमी उगाच ताजं वाटतं. लेखकाचं नाव आणि आधीचे मानसन्मान बाजूला ठेवावेत. हे बोलायला सोपं आहे, प्रत्यक्षात फार जड जातं.

खरा घोटाळा होतो तो गुणांच्या बेरजेत. समजा, पन्नासपैकी गुण द्यायचेत आणि परीक्षक तीन आहेत. एका धाडसी कादंबरीला ४६, ४४ आणि १५ मिळाले, बेरीज १०५. दुसरी कोणालाच न खुपणारी, तिला ३६, ३६, ३६, म्हणजे १०८. पुरस्कार दुसरीला! कोणाचीही पहिली पसंती नसलेलं पुस्तक असं वर येतं. न्यूबेरीच्या समितीत १५ सदस्य असतात. प्रत्येक जण तीन पुस्तकांना मत देतो, पहिल्या पसंतीला ४ गुण, दुसरीला ३, तिसरीला २. जिंकायला किमान ८ सदस्यांची पहिली पसंती लागते, शिवाय पुढच्या पुस्तकावर ८ गुणांची आघाडीही. तसं झालं नाही तर पुन्हा चर्चा, पुन्हा मतदान. तिघांच्या समितीला एवढा पसारा झेपणार नाही, पण गुणपत्रक चर्चेनंतर भरायचं, एवढं नक्की जमेल. म्हणजे वरच्या उदाहरणातल्या, १५ गुण द्यायला निघालेल्या परीक्षकाने आधी पान उघडून आपली अडचण वाचून दाखवावी. कधी बाकीचे दोघं खाली येतात, कधी तो वर जातो. आधी पुस्तकात काय जमलंय ते बोलावं, मग उणिवा. उलट्या क्रमाने सुरुवात झाली की चांगली पुस्तकंही पंधरा मिनिटांत बाद होतात.

पुरस्काराची चौकट आधीच माहीत हवी. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत बालवाङ्मयातल्या कादंबरीला साने गुरुजींच्या नावाचा स्वतंत्र पुरस्कार आहे, तिथे कादंबरीची तुलना कादंबरीशीच होते. साहित्य अकादमीच्या बालसाहित्य पुरस्कारात एका भाषेतले सगळे प्रकार एकत्र असतात. मराठीत २०२३मध्ये तो कवितेला मिळाला, २०२४मध्ये कादंबरीला, २०२५मध्ये पुन्हा कवितेला. तिथे ‘कथानक किती गुंतागुंतीचं’ हा निकष लावला तर कवितेवर अन्याय होईल.

आणि मुलं? त्यांना मत विचारू नका, पुस्तक द्या आणि कुठे थांबलात ते पान दाखवायला सांगा. सात-आठ मुलं साधारण एकाच प्रकरणाशी थांबली तर ते प्रकरण परीक्षकाने पुन्हा वाचायलाच हवं. ब्रिटनमध्ये मुलांच्या पुस्तकांसाठी १९३६पासून असलेल्या कार्नेगी पदकाचा निर्णय ग्रंथपाल करतात आणि शाळाशाळांतली मुलं तीच अंतिम यादी वाचतात. मुलांच्या पसंतीचं पदक तिथे वेगळं देतात. दोन निकाल एकमेकांत न मिसळण्याची ही पद्धत मला पटते.

एकही कादंबरी दोन वाचनांना पुरत नसेल, तर नियमात बसतंय का ते पाहून ‘यंदा पुरस्कार नाही’ असं लिहावं. पुरस्कार द्यायचा ठरला तर निवेदनात ‘ओघवती भाषा, संस्कारक्षम आशय’ असली वाक्यं नकोत, ती कुठल्याही पुस्तकाला चालतात. टिपणातले पानांचे नंबर काढावेत आणि या कादंबरीत नेमकं काय जमलंय, ते चार वाक्यांत लिहावं.