कऱ्हाड सर्च केलं तर कऱ्हाड सापडलं पाहिजे

जँगो रेस्ट फ्रेमवर्कमध्ये (पायथॉनमध्ये वेब एपीआय बनवायचं टूल) लिस्ट एपीआयला, म्हणजे रेकॉर्डची यादी देणाऱ्या एपीआयला, फिल्टर आणि सर्च लावणं खूप सोपं आहे, दोन बॅकएंड (हे काम करणारे तयार क्लास) जोडले, फील्डची नावं दिली की चालू. पण दोघांची कामं वेगळी आहेत. जिल्हा, तारीख, स्टेटस अशा ठरलेल्या व्हॅल्यू असतील तिथे फिल्टर आणि माणूस बॉक्समध्ये हाताने जे टाईप करतो त्यासाठी सर्च.

जँगो-फिल्टर या फिल्टरसाठीच्या लायब्ररीची एक गोष्ट मला अजिबात पटत नाही. यूआरएलमधून पाठवलेल्या फिल्टरच्या, म्हणजे पॅरामीटरच्या, नावाचं स्पेलिंग चुकलं तर एरर वगैरे काही येत नाही, तो पॅरामीटर सोडून देतो आणि अख्खी लिस्ट परत येते, फ्रंटएंडवाल्याला वाटतं फिल्टर लागला. अनोळखी पॅरामीटर आला की सरळ 400, म्हणजे ‘रिक्वेस्ट चुकीची आहे’ हा एरर, द्यावा. आणि कोणाला कुठला डेटा दिसावा हे फिल्टरवर सोडू नका, ते गेट-क्वेरीसेटमध्येच (डेटाबेसमधून कुठले रेकॉर्ड घ्यायचे ते ठरवणारी मेथड) पाहिजे.

सर्चमध्ये खरी गंमत मराठी डेटा आला की सुरू होते. डीफॉल्ट सर्च म्हणजे टाईप केलेले शब्द स्पेसवर तोडायचे आणि प्रत्येक शब्द कुठल्या ना कुठल्या फील्डमध्ये आहे का बघायचं. आता कऱ्हाडमधला तो अर्धा र घ्या. तो तीन प्रकारे साठवता येतो: युनिकोडमधला 0931 नंबरचा ऱ आणि हलंत (पाय मोडायची खूण), किंवा साधा र, नुक्ता (अक्षराखालचा टिंब) आणि हलंत, किंवा र, हलंत आणि झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर तिन्ही सारखेच दिसतात पण डेटाबेससाठी ते तीन वेगळे शब्द, त्यामुळे रेकॉर्ड समोर असूनही रिझल्ट शून्य.

युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं असेल तर ते एका ठरलेल्या रूपात आणणं, केलं की पहिले दोन एक होतात, तिसरा मात्र तसाच राहतो, तो आपल्यालाच बदलून घ्यावा लागतो. म्हणून मी सर्चसाठी वेगळा कॉलम ठेवायच्या बाजूचा आहे. सेव्ह करताना त्यात एनएफसी, मग जॉइनरवाला र बदलून 0931 वाला, आणि गावांची नावं असतील तर दीर्घ ऊकार-ईकार ऱ्हस्व करून टाकायचे, कारण कोल्हापूर लोक कोल्हापुर पण लिहितात आणि त्यांनाही रिझल्ट मिळायलाच हवा. दाखवायचा कॉलम मूळ शुद्धलेखनासकट तसाच राहतो, त्याला हात लावायचा नाही.

हेच फंक्शन युजरने टाईप केलेल्या शब्दांवरही चाललं पाहिजे, नाहीतर काही उपयोग नाही. त्यासाठी सर्च फिल्टरचा क्लास वाढवून टाईप केलेले शब्द तोडून देणारी गेट-सर्च-टर्म्स ही मेथड ओव्हरराइड करायची, म्हणजे तिच्या जागी आपली लिहायची, पाच-सहा ओळींचं काम आहे. आणि टेस्टमध्ये कऱ्हाड तिन्ही प्रकारे पाठवून एकच रेकॉर्ड येतंय का ते नक्की तपासा.